जत्रेचा बाजार पाहावा का? न्यूरेंबर्ग, नृसिंहवाडी आणि एका कौलाची गोष्ट

धागा : दर डिसेंबरात समाजमाध्यमांवर एक प्रश्न फिरत असतो. जर्मनीत शिकायला गेलेली मराठी मुले न्यूरेंबर्ग, ड्रेस्डेन, कोलोन येथल्या नाताळ-बाजारांची छायाचित्रे टाकतात. लाकडी खोपटी, पिवळे दिवे, वाफाळते मग. खाली कोणीतरी विचारतेच : हे खरोखर पाहण्याजोगे असते, की पर्यटकांचा खिसा रिकामा करण्याची सोय?

त्याच सुमारास कुरुंदवाडच्या पुलापलीकडे, नृसिंहवाडीत, दत्तजयंतीची जत्रा भरते. मार्गशीर्ष पौर्णिमा कधी डिसेंबरच्या आरंभी येते, कधी थेट नाताळाला टेकते. २०२३ मध्ये दत्तजयंती २६ डिसेंबरला होती. या जत्रेविषयी मात्र तो प्रश्न कोणी विचारीत नाही. भाविक ठरलेले असल्यासारखे जातात आणि इतर जण ‘गर्दीत कोण जाणार’ म्हणून जात नाहीत. बाजार म्हणून, इतिहासाचा एक दस्तऐवज म्हणून, ती पाहावी का, हा विचार राहूनच जातो. तो येथे करावयाचा आहे. त्यासाठी थोडे जर्मनीत जावे लागेल, पण मुक्काम कुरुंदवाडातच.

आधी भूगोल, कारण या जत्रेचा अर्धा इतिहास नदीनेच लिहिला आहे. नृसिंहवाडी कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर आहे. कृष्णेपलीकडे औरवाड, म्हणजे गुरुचरित्रातले अमरापूर. पंचगंगेपलीकडे कुरुंदवाड. संगमाच्या कुरुंदवाडकडील बाजूस घाट आहे आणि तेथेच सेनापती संताजी घोरपडे यांची मानली जाणारी समाधी. वाडीला नृसिंह सरस्वतींचे बारा वर्षे वास्तव्य झाले, अशी परंपरा आहे. मंदिरात मूर्ती नसून त्यांच्या पादुका पूजिल्या जातात.

पावसाळ्यात हा सारा परिसर पाण्याचा असतो. पादुकांवरून पाणी वाहते तेव्हा उत्सवमूर्ती वरच्या बाजूस हलवली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर वाडी आणि कुरुंदवाड दोन्ही पाण्याखाली गेली. म्हणजे घाटालगतच्या जागेवर कोणताही विक्रेता कायमचा हक्क सांगू शकत नाही. वर्षातले काही महिने ती नदीची असते. मार्गशीर्षापर्यंत पूर ओसरलेला, चिखल वाळलेला, खरीप घरात आलेले, शिरोळ तालुक्यातले साखर कारखाने पूर्ण गाळपावर. लोकांच्या हाती थोडा पैसा आणि पायांखाली कोरडी जमीन. बाजार भरायला याहून अधिक काही लागत नाही. युरोपातही हिवाळ्याच्या तोंडावर, शेतीची कामे आटोपल्यावरच लोक शहराच्या चौकात खरेदीला येत. देव आणि संत वेगळे असले तरी हिशेब एकच दिसतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. ड्रेस्डेनचा बाजार १४३४ चा म्हणून जाहिरातीत मिरवतो. त्या वर्षी घडले ते इतकेच : सॅक्सनीचा इलेक्टर फ्रीडरिख दुसरा याने नाताळच्या आदल्या दिवशी शहरात एक दिवसाचा मांसबाजार भरवण्याची परवानगी दिली. दिवे, सजावट, पाळणे यांचा त्यात उल्लेख नव्हता. बाजाराचा जन्मदाखला म्हणजे एक परवाना होता. अमुक दिवशी येथे येऊन माल मांडा, कोणी हटकणार नाही, एवढे आश्वासन.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटावे. आपल्याकडे याच आश्वासनाला कौल म्हणत. नवी पेठ वसवायची तर सत्ताधीश कौलनामा देई : व्यापारी, उदमी, कसबी यांनी यावे, घरे-दुकाने बांधावीत, अमुक वर्षे जकात आणि मोहतर्फा माफ. पुढे कर लागला तरी इस्ताव्याने, म्हणजे वर्षागणिक थोडा थोडा चढवत पूर्ण दरापर्यंत. पेठेची जबाबदारी शेटे-महाजनांकडे. या कागदांत ‘अभय’ हा शब्द वारंवार येतो, आणि तो नुसता अलंकार नाही. परगावचा माणूस डोक्यावर गाठोडे घेऊन अनोळखी गावी येतो, तेव्हा त्याला पहिली भीती मार खाण्याची आणि माल लुटला जाण्याची असते. नफ्यातोट्याचा विचार त्यानंतरचा.

पुण्याच्या अनेक पेठा अशाच कौलांवर उभ्या राहिल्या. कोल्हापूरची शाहूपुरी ही गुळाची पेठ १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या कारकिर्दीत वसली. जयसिंगपूर हे आखीव रस्त्यांचे बाजारगाव तर त्यांनी आपल्या जनक पित्याच्या नावाने उभे केले, आणि आज वाडीच्या जत्रेला रेल्वेने येणारा माणूस मिरजेला नाहीतर या जयसिंगपुरालाच उतरतो. कुरुंदवाड हे पटवर्धनांचे संस्थान. १८५४ मध्ये त्याची थोरली आणि धाकटी अशी दोन पाती झाली आणि ८ मार्च १९४८ रोजी दख्खनच्या इतर संस्थानांबरोबर ते मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थाने गेली. जागेची पावती फाडून परगावच्या माणसाला बसू देण्याची रीत मात्र ग्रामपंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या हाती तशीच आली. तीस-चाळीस रुपयांची ती पावती म्हणजे कौलनाम्याची पणती म्हणायला हरकत नाही.

येथवर आल्यावर तरुण इतिहासप्रेमींचा नेहमीचा आक्षेप येतो : ‘पण आता जत्रेत अस्सल राहिले आहे काय? सगळी प्लास्टिकची खेळणी, चायनीज माल आणि गोबी मंचुरियन.’

हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण इतिहासात टिकत नाही. न्यूरेंबर्गची ओळख असलेली लेबकूखेन ही मसालेदार बिस्किटे घ्या. त्यांतली दालचिनी, लवंग, वेलदोडा जर्मनीच्या मातीत उगवत नाही. मध्ययुगात हा माल मलबार, सिंहल आणि मोलुक्का बेटांकडून अनेक बंदरे आणि अनेक दलाल ओलांडून तेथे पोचला. ‘अस्सल जर्मन’ नाताळ-बाजाराचा तो प्रसिद्ध वास हिंदी महासागराचा आहे. आणि आपल्या जत्रेतली मिरचीची भजी? मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली, बटाटाही तिकडचाच. भज्यांच्या घाण्यासमोर उभे राहून मंचुरियनला परका म्हणणे फारसे शोभत नाही.

करमणुकीचेही तेच. लाकडी, हाताने फिरवायचे पाळणे जुने आहेत, पण आज जत्रेच्या आकाशात दिसणारा अवाढव्य लोखंडी पाळणा १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातल्या चक्राच्या कुळातला. सर्कशीची कथा तर थेट कुरुंदवाडशी जोडलेली आहे. कुरुंदवाड संस्थानच्या पागेचे काम पाहणारे विष्णुपंत छत्रे हे नामांकित अश्वशिक्षक. चिआरिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईत आली असता तिचे खेळ पाहून त्यांनी १८८० मध्ये स्वतःची सर्कस उभी केली. भारतीय सर्कशीचा आरंभ तेथून मानतात. पुढे शेजारच्या म्हैसाळच्या देवलांनीही सर्कस काढली आणि कृष्णाकाठची ही दोन-चार गावे देशभर तंबू ठोकू लागली. ज्याला पुढच्या पिढ्या ‘जत्रेतली आपली सर्कस’ म्हणाल्या, ती एका इटालियन खेळाची मराठी उत्तरक्रिया होती. (उत्तर या अर्थी, सर्कशीची खरी उत्तरक्रिया पुढे दूरचित्रवाणीने केली.)

तेव्हा शुद्धतेच्या कसोटीवर बाजार जोखू नये. बाजार शुद्ध असेल तर तो बंद पडलेला असेल.

मग कसोटी कोणती? त्यासाठी न्यूरेंबर्गच्याच बाजाराची एक कमी सांगितली जाणारी हकिगत पाहावी लागते. या बाजाराचा माग सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो शहराच्या मुख्य चौकातून हलवला गेला आणि त्याची रया गेली. आज पर्यटक जे पाहतात, म्हणजे मुख्य चौकातला देखणा बाजार, सोनेरी केसांच्या ‘ख्रिस्तकिंड’ने म्हटलेले स्वागत-काव्य, गायनवृंद, रोषणाई, त्याची मांडणी १९३३ ची आहे. नगराध्यक्ष होता विली लीबेल, नाझी पक्षाचा. ‘प्राचीन परंपरेचे पुनरुज्जीवन’ या नावाखाली त्याने बाजार पुन्हा मुख्य चौकात आणला आणि त्याला हे नाट्यरूप दिले.

त्याच वर्षी १ एप्रिलला नाझींनी ज्यू दुकानदारांवर देशव्यापी बहिष्कार पुकारला होता. दोन वर्षांनी ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे जाहीर झाले, तेही याच शहरात, आणि शहराच्याच नावाने ओळखले जातात. डिसेंबरात चौकात मेणबत्त्या लागत होत्या, मुले गात होती. त्या गावातले ज्यू रहिवासी मात्र हळूहळू गिऱ्हाईकही राहिले नाहीत आणि विक्रेतेही. छायाचित्रे पाहिली तर तो बाजार सुंदर दिसतो. सजावट, शिस्त, परंपरेचा दावा यांपैकी कशाचीही उणीव नव्हती. गेला होता तो कौल.

युद्धात बाजार बंद पडला. १९४८ मध्ये उद्ध्वस्त शहरात तो पुन्हा भरला आणि ख्रिस्तकिंडचे स्वागत नव्या शब्दांत पुन्हा सुरू झाले. १९६९ पासून ही भूमिका करणारी मुलगी निवडून दिली जाते. २०१९ मध्ये निवडून आलेल्या मुलीचे वडील भारतीय वंशाचे होते. एका उजव्या पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्या वर्णावरून समाजमाध्यमावर गरळ ओकली. शहर तिच्या पाठीशी उभे राहिले आणि त्या वर्षीचा बाजार तिनेच उघडला. तो बाजार पाहण्याजोगा आहे का, या प्रश्नाला १९३५ आणि २०१९ या दोन वर्षांची उत्तरे एकच असू शकत नाहीत. दिवे दोन्ही वर्षी तेवढेच चमकत असतील.

आता पंचगंगेच्या काठी परत. वाडीच्या दत्तमंदिराला शिखर नाही. मंदिर विजापूरच्या आदिलशहाने बांधविले, अशी कथा आहे. त्याच्या मुलीची दृष्टी येथे परत आली, असे परंपरा सांगते. कथेची ऐतिहासिक छाननी हा वेगळा विषय. पण एका तीर्थक्षेत्राने आपल्या मंदिराच्या उभारणीचे श्रेय पिढ्यान्‌पिढ्या एका सुलतानाला देत राहावे, ही गोष्ट स्वतःच इतिहासाचा पुरावा आहे. लोकांना कोणती आठवण जपावीशी वाटली, याचा पुरावा.

अलीकडच्या काठाचे उदाहरण तर आजचेच आहे. कुरुंदवाडातील काही मशिदींत गणेशोत्सवात गणपती बसतो. चांद्र गणनेमुळे मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत जातो आणि साधारण तेहतीस वर्षांनी गणेशोत्सवाला येऊन भिडतो. २०१८, २०१९ आणि २०२० या सलग तीन वर्षी असे झाले, तेव्हा पंजे आणि गणपती एका छताखाली होते. बाहेरच्या पत्रकारांनी याला ‘आगळावेगळा प्रयोग’ म्हटले. गावाच्या लेखी त्यात प्रयोग कसला.

वाडीच्या जत्रेत कुरुंदवाड, शिरोळ, इचलकरंजी, मिरज, चिक्कोडी अशा भोवतालच्या गावांचे लोक उतरतात. भाव मराठीत सांगितला जातो, घासाघीस कन्नडात होते, सुटे पैसे दोन्ही भाषांत मोजले जातात. दत्तसंप्रदायाची गाणगापूर आणि वाडी ही दोन मोठी ठाणी आज दोन राज्यांत आहेत. भाविकांना सीमा ठाऊक असते, पण ती फारशी आड येत नाही. काकणे भरणारे, माळा-रुद्राक्ष विकणारे, चुरमुरे-बत्ताशांचे ढीग लावणारे, खेळण्यांची काठी खांद्यावर घेऊन फिरणारे यांची जातधर्माची यादी कोणी मागत नाही. हातात बांगडी चढवून घेताना बाईचे लक्ष मापाकडे असते.

हे असेच चालत राहील, असे गृहीत मात्र धरता येत नाही. २०२२ मध्ये कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील काही मंदिरांच्या जत्रांत मुस्लिम विक्रेत्यांना जागा नाकारल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील मढी येथे ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी घालणारा ठराव केला. प्रशासनाने तो अमान्य केला. मढीची यात्रा भटक्या जमातींची, गाढवांच्या बाजाराची. ज्यांना गावकुसात थारा नव्हता, त्यांनी वर्षातून एकदा हक्काने एकत्र यावे अशी ती जागा. अशा ठिकाणी ‘यांना येऊ देऊ नका’ हा ठराव व्हावा, याची नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोनदा करावी.

अशा ठरावांच्या बाजूने परंपरेचा दाखला दिला जातो. यात्रेच्या काळातील विधिनिषेध पाळले जात नाहीत, अशी तक्रार असते. विधिनिषेध मोडणाऱ्यावर कारवाई व्हावी. तो कोणीही असो. पण तक्रार एका वर्तनाविषयी करायची आणि बंदी एका समाजावर घालायची, याला मराठ्यांच्या कागदपत्रांत आधार सापडणे कठीण आहे. त्या कागदांतली सारी धडपड उलट दिशेची दिसते : उदमी पळून जाऊ नयेत, पळालेले परत यावेत, नव्यांना अभय मिळावे. ओस पेठ हे त्या काळी राज्यकर्त्याच्या नालायकीचे लक्षण होते.

तेव्हा उत्तर असे : वाडीच्या जत्रेचा बाजार अवश्य पाहावा, पण योग्य कारणासाठी. बासुंदीसाठी जाऊ नये. वाडी-कुरुंदवाडची बासुंदी, कवठाची बर्फी, कंदी पेढे वर्षभर मिळतात, आणि जत्रेच्या गर्दीपेक्षा एखाद्या साध्या मंगळवारी निवांत बसून अधिक चवीने खाता येतात. स्वस्ताईसाठीही जाऊ नये. जत्रेत भाव चढेच असतात आणि ते तसेच असायचे. चार दिवसांच्या कमाईत जागाभाडे, टेम्पो आणि परतीचा प्रवास बसवायचा असतो. शांततेसाठी तर मुळीच नाही. दत्तजयंतीच्या सायंकाळी जन्मकाळाच्या वेळी पाय ठेवायला जागा नसते आणि गाडी कुठे लावावी, हा प्रश्न न सुटणाऱ्यांपैकी आहे.

जावे ते आदल्या दिवशी सकाळी, कुरुंदवाडच्या बाजूने, पूल पायी ओलांडून. तेव्हा पाले बांधली जात असतात. बांबू कोण रोवतो, जागेवरून वाद झाला तर तो कोण मिटवतो, पावती कोण फाडतो, गेल्या वर्षीची जागा या वर्षी कोणत्या शब्दावर राखली जाते, हे सारे उघड्यावर चाललेले असते. शेटे-महाजनांचे काम ग्रंथांत वाचून जितके कळते, त्याहून अधिक तेथे तासाभरात कळते. वही जवळ ठेवावी; कॅमेरा थोडा उशिरा काढावा. विक्रेत्याला ‘पुढचा मुक्काम कुठे’ हे विचारावे. त्या उत्तरांतून दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक यांच्या यात्रांचा असा नकाशा तयार होतो, जो कोणत्याही सरकारी पुस्तिकेत छापलेला नाही.

याच दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. तेथे गेल्या दशकात ‘चेतक फेस्टिव्हल’ आले, पर्यटकांसाठी महागडे तंबू आले. ते पाहून अनेकांनी नाके मुरडली. पण देशभरातून घोडे आणणारे व्यापारी आणि दात तपासून, चाल पाहून, घासाघीस करून घोडा विकत घेणारे गिऱ्हाईक तेथे आहे, तोवर ती यात्रा यात्राच आहे. रोषणाईने बाजार मरत नाही. गरजेपोटी विकत घेणारा आणि परगावाहून विकायला येणारा, या दोघांपैकी एक जरी नाहीसा झाला, तर मागे उरते ते प्रदर्शन. वाडीला अजून दोघेही आहेत. बाई पोळपाट घेते तो भिंतीवर टांगण्यासाठी नसतो.

पौर्णिमा उलटली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाले उतरू लागतात. न खपलेली काकणे पुन्हा गवतात गुंडाळली जातात, पाळण्याचे लोखंड ट्रकवर चढते. काही जण सौंदत्तीची वाट धरतात, काही घरी जाऊन चैत्रातल्या जोतिबाची वाट पाहतात. बांबू काढलेल्या जागी खड्डे राहतात. ते कोणी बुजवीत नाही. आषाढात पंचगंगा ते काम करते.